स्वल्पविरामाला अडखळलेलं भिंग

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे, पण माझ्याकडे बघून ते तुम्हाला कळायचं नाही. कारण मी दिसतच नाही. मला सुरकुत्या पडत नाहीत, गंज चढत नाही, वाळवी लागत नाही. खुर्ची म्हातारी झाली की कुरकुरते, छत्री म्हातारी झाली की वाऱ्यात उलटी होते. मी म्हातारा झालो तेव्हा लोक फक्त एवढंच म्हणाले, "हे अजून चालतं?"

चालतं की! मी एक जुना डिबगर आहे.

नाव ऐकून पळू नका, काम सोपं आहे. माणूस यंत्राला कामं लिहून देतो, त्याला प्रोग्रॅम म्हणतात. यंत्र ती कामं इतक्या वेगानं उरकतं की कुठे काय चुकलं हे माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही. अशा वेळी मी धावत्या प्रोग्रॅमच्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "जरा थांब बाबा." तो थांबतो. मग मी माणसाला दाखवतो, हे बघ, तूच लिहिलेल्या या ओळीवर आपण उभे आहोत आणि या घटकेला याच्या खिशात हे हे आकडे आहेत. माझे काही भाऊबंद नुसते शून्यांचे आणि एकांचे ढिगारे दाखवतात. मी तसला नाही. ज्या ओळी माणसानं लिहिल्या, त्याच ओळींत मी बोलतो. म्हणून माझं नाव ठेवलं लूपे. आमच्या भाषेत लूपे म्हणजे भिंग.

माझा जन्म डोंगरावरच्या एका लाकडी झोपडीत, ईस्टरच्या सुट्टीत झाला. त्या सुट्टीत आमचा अख्खा देश खिशात संत्री कोंबून बर्फात घसरायला जातो. माझे निर्माते आइलिफ तोरवुंद मात्र संगणक स्लेजवर बांधून वर घेऊन गेले. त्यांची बायको मार्गित दारात उभी राहून म्हणाली, "आइलिफ, बर्फ बाहेर आहे. त्या काचेत नाही."

"आलोच," आइलिफ म्हणाले, आणि सुट्टी संपेपर्यंत आले नाहीत.

झोपडीत इतकी थंडी होती की स्क्रीनवर उमटलेली अक्षरं गोठायची. आइलिफ त्यांच्यावर फुंकर घालायचे, ती वितळायची, मग पुढची ओळ लिहायची. माझं एक अक्षर अजूनही किंचित गार लागतं. खोटं वाटत असेल तर हात लावून बघा.

आधी माझे डोळे झाले, मग हात. कान सगळ्यात शेवटी झाला. कान म्हणजे माझ्यातला तो भाग, जो माणसाचा प्रश्न ऐकतो, त्याचे तुकडे पाडतो आणि त्यातून अर्थ लावतो. तो नेमका सुट्टीच्या शेवटच्या दिवशी तयार झाला, तेव्हा मार्गितनं सामान बांधलं होतं आणि चूलही विझवली होती. आइलिफनी घाईघाईनं माझ्या कानात एक नियम घातला. प्रश्नात स्वल्पविराम आला, तर आधीचं ऐकायचं, बाजूला ठेवायचं, आणि शेवटी जे येईल तेच उत्तर मानायचं. हा नियम त्यांच्या मनचा नव्हता. आम्ही ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहायचो, त्या भाषेचाच तो नियम होता. नियम बरोबरच होता. पुढे जे झालं ते त्या बरोबर नियमामुळेच झालं.

मग माझी उमेदीची वर्षं आली. हेस्टनेस नावाच्या आमच्या बंदरगावात एक छोटी कंपनी होती. धक्क्यावरचे रॅम्प, क्रेन, मासे निवडणारे पट्टे, असल्या यंत्रांचे प्रोग्रॅम ती लिहायची. तिथे माझा फार मान होता. चर्चचं नवं घड्याळ बाराऐवजी तेरा टोले द्यायला लागलं, तेव्हा तो तेरावा टोला मी पकडला. हेरिंग मासे निवडणाऱ्या पट्ट्याचा प्रोग्रॅम तर मी एकदा इतका अचूक थांबवला की पट्ट्यावरून उडालेला एक मासा तसाच हवेत राहिला. लोकांनी त्याच्याभोवती फिरून त्याला सगळ्या बाजूंनी बघितलं. मी "चल पुढे" म्हटल्यावर मग तो टोपलीत पडला. माशाचं तुम्ही अर्धंच खरं मानलंत तरी माझी हरकत नाही. पण माझ्या नावाचा बदामाचा केक कापला होता, ते अगदी पूर्ण खरं आहे.

पुढे आइलिफ निवृत्त झाले. दुकानांत रंगीबेरंगी खिडक्यांचे नवे डिबगर आले. कंपनीची सूत्रं शूर नावाच्या माणसाकडे गेली. शूर हे आमच्याकडचं साधं नाव आहे. तुमच्या भाषेत त्याचा अर्थ काय होतो हे कळल्यापासून मला हसू आवरत नाही, कारण हा शूर फोन वाजला तरी दचकायचा. माणूस वाईट नव्हता. पण मला तो "आपलं ते म्हातारं" म्हणायचा, आणि मी एखाद्या प्रश्नाला उशीर केला की टेबलावर बोटं वाजवायचा.

माझ्यावर माया करणारी एकच उरली होती, ती म्हणजे टोर्डिस. लुंदे बेटावरची मुलगी. पूर्वी ती मासळीच्या लिलावाच्या कचेरीत होती, मग शिकली आणि प्रोग्रॅम लिहायला लागली. पण लिलावाची कचेरी तिच्या उजव्या हातातून गेली नव्हती. कीबोर्डाच्या उजव्या अंगाला आकड्यांचा चौकोन असतो ना, त्याच्यावर तिची बोटं न बघता अशी नाचायची की मला गुदगुल्या व्हायच्या. लिलावात दोन हा आकडा कधी नुसता दोन नसतो, त्याच्या मागं दशांशाचं शून्य लावायचं असतं. ती सवयही तिच्या बोटांत तशीच राहिली होती.

लुंदे बेटावर जायला फेरीबोट आणि त्या बोटीवर गाड्या चढवायला धक्क्यावर एक लोखंडी रॅम्प. भरती-ओहोटीप्रमाणे तो वरखाली व्हायचा. त्याला हलवणारा प्रोग्रॅम टोर्डिसनं लिहिला होता. त्या हिवाळ्यात एके सकाळी पाद्रीणबाई आपली गाडी घेऊन बोटीवर चढणार, एवढ्यात रॅम्प हळूहळू उतरण्याऐवजी धाडकन खाली आदळला. कुणाला इजा झाली नाही. पाद्रीणबाईंच्या प्रवचनाच्या कागदांवर सगळी कॉफी सांडली, आणि त्या रविवारचं प्रवचन छोटं झालं म्हणून बेटावरचे काही लोक रॅम्पवर खूशच होते.

पण बंदराच्या अधिकारी व्हिग्डिसबाई खूश नव्हत्या. उंच, सडपातळ बाई, बोलणं मोजकं. त्यांनी रॅम्पला साखळी लावली. "का पडला ते दाखवा, पुन्हा पडणार नाही हे दाखवा. तोवर एकही गाडी चढणार नाही."

पायी माणसांसाठी लहान होडी होती. पण होडीत दुधाचा टँकर मावत नाही. आणि लुंदे बेटावर टोर्डिसच्या धाकट्या भावाच्या, लाइडुल्फच्या शेळ्या होत्या. बेटावरचा तो शेवटचा कळप. करडं नुकतीच झाली होती आणि दुधाचा पूर आला होता. डेअरीनं कळवलं होतं, ईस्टरपर्यंत टँकर पोचला नाही तर बेटाचं नाव फेरीतून काढून टाकू. म्हणजे मग दूध घ्यायला कुणीच येणार नाही आणि कळप विकावा लागेल.

लाइडुल्फचा रोज फोन यायचा.

"ताई, आजही दूध डुकरांना घातलं. डुकरं आता मला बघून तोंड फिरवतात."

"सापडेल रे. जरा धीर धर."

"तो प्रोग्रॅम तूच लिहिलायस ना?"

"म्हणून तर सापडत नाहीये."

"डोक्काला विचारू का? ती शेळी असून तुझ्यापेक्षा लवकर सांगेल."

"विचार. आणि काय म्हणाली ते मला कळव."

विनोद करायचा, पण फोन ठेवताना त्याचा आवाज खोल जायचा. मग टोर्डिसच्या डब्यातला तपकिरी चीजचा पाव तसाच राहायचा.

रॅम्पच्या सगळ्या हिवाळ्यातल्या हालचालींची नोंद आमच्याकडे होती. टोर्डिस तीच नोंद प्रोग्रॅमला पुन्हा पुन्हा चालायला लावायची आणि मला पहाऱ्यावर बसवायची. रॅम्पचा वेग दोनच्या वर जाता कामा नये, अशी मर्यादा होती. म्हणून तिनं मला सांगितलं की वेग दोनच्या वर गेला, की त्याच क्षणी सगळं थांबव. बोटं नाचली, आणि माझ्या कानात प्रश्न आला: वेग > २,०

मी डोळ्यांत तेल घालून बसलो. रॅम्प वर गेला, खाली आला, भरती आली, ओहोटी आली. मी गप्प. पाद्रीणबाईंची सकाळ आली आणि गेली, तरी मी गप्प.

"वेग कधीच वाढला नाही," टोर्डिस म्हणाली. "लूपे सांगतोय. प्रोग्रॅम निर्दोष आहे, लोखंडातच काहीतरी आहे."

मग मेकॅनिक आले, रॅम्प सगळा सुटा केला, तेलपाणी केलं, परत जोडला. लोखंडात काहीच नव्हतं.

शूर वैतागला. "लोखंड म्हणतं मी नाही. प्रोग्रॅम म्हणतो मी नाही. मग रॅम्प काय लाजून खाली पडला?"

"मलाही तेच कळत नाहीये."

"मला कळतंय. हे म्हातारं झोपा काढतंय. ईस्टर झाला की राजधानीतून नवीन मागवतो आणि याला निरोप देतो."

"ईस्टर झाल्यावर लाइडुल्फच्या शेळ्या राहणार नाहीत, शूर."

शूरनं टेबलावर बोटं वाजवली. मी गप्पच होतो. पण मित्रांनो, तेव्हा मला माझ्या गप्प बसण्याचा अभिमान वाटत होता हो! मला वाटत होतं, मी काय सुंदर पहारा देतोय.

त्याच आठवड्यात टोर्डिस कचेरीच्या पायऱ्यांवर बर्फावरून घसरली. बुटांना खिळ्यांचे पट्टे लावायला विसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. दुसऱ्या दिवशी प्लास्टर घालून कामावर हजर. शूर म्हणाला, "घरी जा की बाई." ती म्हणाली, "घरी फोन आहे, आणि फोनवर लाइडुल्फ आहे."

आता लिहायचं डाव्या हाताच्या एका बोटानं. आकड्यांचा चौकोन राहिला पार पलीकडे. ती मान खाली घालून, एकेक अक्षर शोधत, वरच्या ओळीतले आकडे दाबायला लागली. लिलावाच्या कचेरीतली टोर्डिस तिच्या उजव्या हातात राहायची; तो हात गळ्यात अडकवलेला होता. डाव्या हाताशी उरली होती ती प्रोग्रॅम लिहिणारी टोर्डिस. तिनं तोच प्रश्न पुन्हा लिहिला: वेग > २.०

मी धाडकन थांबलो.

असा थांबलो की शूरच्या कपातली कॉफी हिंदकळली. समोर पाद्रीणबाईंची सकाळ उभी होती आणि वेग दोनच्या कितीतरी वर गेलेला होता.

"अगं बाई!" टोर्डिस ओरडली. मी प्रोग्रॅमच्या ज्या ओळीवर थांबलो होतो तिच्याकडे तिनं बघितलं आणि लगेच कपाळाला हात लावला. प्लास्टरचाच लावला, त्यामुळे पुन्हा ओरडली. आधीची बोट घाईत निघून गेली आणि लगेच दुसरी आली, की पहिल्या वेळचा वेग पुसायचा राहून जायचा आणि दुसऱ्या वेगात मिसळायचा. पुसण्याची एक ओळ हवी होती. तिनं ती लिहिली, पुन्हा मला पहाऱ्यावर बसवलं. नोंदीतला सगळा हिवाळा गेला, मी गप्प राहिलो.

तिनं आनंदानं व्हिग्डिसबाईंना बोलावलं. त्या आल्या, कोट न काढता खुर्चीवर बसल्या, सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे आता दुरुस्त झालं."

"झालं. बघा, लूपे आता थांबत नाही."

"काल-परवापर्यंत पण थांबत नव्हता ना?"

टोर्डिसचा चेहरा पडला.

"रॅम्प बिघडलेला होता तेव्हा हा गप्प होता," व्हिग्डिसबाई म्हणाल्या. "आता रॅम्प दुरुस्त झालाय म्हणता, तेव्हाही हा गप्पच आहे. याच्या गप्प बसण्यावर विश्वास ठेवून मी टँकर चढवू? चालवणारा माणूस आहे त्यात."

त्या चूक नव्हत्या. मित्रांनो, मासा हवेत थांबवणारा मी, पण त्या दिवशी माझ्या 'नाही'ला काडीचीही किंमत उरली नव्हती.

"ईस्टरच्या आधी मला एवढंच सांगा, हा आधी का गप्प होता," व्हिग्डिसबाई उठता उठता म्हणाल्या. "मग बघू."

त्या गेल्यावर टोर्डिसनं आपले जुने प्रश्न बोलावून घेतले. जुना प्रोग्रॅम लावला. जुना प्रश्न विचारला, मी थांबलो नाही. डाव्या बोटानं तोच लिहून विचारला, थांबलो.

शूर मागून म्हणाला, "सकाळी नाही, दुपारी हो. याला म्हातारचळ म्हणतात."

"थांब जरा." तिनं दोन्ही प्रश्न एकाखाली एक ठेवले. "शूर, चष्मा लाव. या दोन ओळींत फरक सांग."

"काहीच नाही. वेग, दोन, शून्य. वेग, दोन, शून्य. एक मिनिट... वरच्या टिंबाला शेपूट आहे."

"बरोबर. ते टिंब नाहीये."

"अगं, पण दोन पूर्णांक शून्य असंच लिहितात! बँकेत असंच, शाळेत असंच. अख्खा देश स्वल्पविराम देतो. आकड्यांच्या चौकोनात तर टिंब नाहीच, तिथे स्वल्पविरामच आहे."

"देश देतो. लूपे तसं ऐकत नाही."

मग तिनं जे केलं ते ऐकून तुम्हाला हसू येईल. तिनं माझी एक प्रत काढली आणि त्या प्रतीला माझ्याकडे बघायला बसवलं. डॉक्टरही मीच, रोगीही मीच. स्वतःच्या कानात स्वतःच डोकावून बघण्याची पाळी किती जणांवर येते? त्या दुसऱ्या मी-नं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जरा थांब बाबा." तेव्हा मला कळलं, प्रोग्रॅमांना माझा हात किती गार लागत असेल.

कानात जे दिसलं ते असं. 'वेग > २' एवढं मी ऐकलं होतं आणि त्याचं उत्तरही अगदी बरोबर काढलं होतं. मग स्वल्पविराम आला. नियमाप्रमाणे मी ते बरोबर उत्तर बाजूला ठेवून दिलं. मग आलं शून्य. शेवटचं तेच उत्तर, आणि शून्य म्हणजे आमच्यात 'नाही'. वेग कितीही वाढो, माझं उत्तर ठरलेलंच होतं. आणि कुणी साडेतीन, म्हणजे ३,५ विचारले की मी शेवटचे पाच ऐकायचो. शून्य सोडून कुठलाही आकडा म्हणजे 'हो', म्हणून पावलोपावली थांबायचो. लोक मला शिव्या घालायचे, "काय किरकिऱ्या आहे," आणि प्रश्न बदलायचे. इतकी वर्षं कुणालाच कळलं नव्हतं.

टोर्डिसनं आइलिफना फोन केला. ते पायानं ढकलत बर्फावर चालवायच्या घसरगाडीवर आले, पुढच्या बैठकीवर मार्गित, तिच्या मांडीवर वाफल्सचा डबा. त्यांनी दोन्ही ओळी बघितल्या आणि मान ताठ केली.

"हा बग नाही, चूक नाही. हा नियम आहे."

"नियम बरोबर आहे, आइलिफ," टोर्डिस म्हणाली. "पण विचारणारी माणसं इथली आहेत."

"मग स्वल्पविराम आला की त्याला टिंब समजायचं. झालं." ते बसले आणि लिहूनही टाकलं. लगेच शूरनं एक साधा प्रश्न विचारला: ३ आणि ५ यांत मोठं कोण? हे दोन आकडेही स्वल्पविरामानंच वेगळे करतात. मी ऐकलं, साडेतीन एकटाच आलाय. म्हणून सांगितलं, "साडेतीनच मोठे."

शूर टेबलावर डोकं ठेवून हसायला लागला. "आता तर हे बहिरंच झालं!"

आइलिफ लालबुंद झाले. त्यांनी ते पुसलं. टोर्डिस हळूच म्हणाली, "याला कळलं नाही, तर यानं विचारावं. टिंब म्हणायचंय की स्वल्पविराम, एवढंच. अंदाज करायचाच कशाला?"

"माझा डिबगर विचारत नाही. तो उत्तर देतो."

वाफल्सवर जॅम लावत मार्गित म्हणाली, "मुली, सोड त्याला. लग्न झाल्यापासून या माणसानं एकदाही कुणाला रस्ता विचारलेला नाही. हनिमूनला आम्ही स्वीडनमध्ये पोचलो. जायचं होतं बरोबर उलट्या दिशेला, बर्गनला."

"तो रस्ता जवळचा होता," आइलिफ म्हणाले.

"स्वीडनला जवळचाच होता."

आधी टोर्डिस हसली, मग शूर. आइलिफनी तोंड स्क्रीनकडे वळवलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मला कळलं की तेही हसताहेत. त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. दोन आकडे, मधे स्वल्पविराम, आणि अर्थ दोन प्रकारे लागत असेल, तर मी काय करायचं ते त्यांनी माझ्या कानात नव्यानं लिहिलं. या वेळी सुट्टी संपत नव्हती आणि चूल विझत नव्हती. शेवटी माझ्या तोंडी द्यायचं वाक्य आलं, तेव्हा ते मार्गितकडे वळले.

"काय लिहू गं?"

शूरनं शपथेवर सांगितलं असतं की आइलिफ तोरवुंदनी कुणाला काही विचारल्याचं त्यानं प्रथमच ऐकलं. मार्गित म्हणाली, "साधं लिही. नीट ऐकू आलं नाही, म्हणावं."

व्हिग्डिसबाई पुन्हा आल्या. या वेळी त्यांनी कोट काढला आणि स्वतःच कीबोर्डाशी बसल्या. देशातल्या सगळ्यांसारखा त्यांचाही हात आकड्यांच्या चौकोनाकडेच गेला: वेग > २,०

मी म्हणालो, "नीट ऐकू आलं नाही. २.० म्हणायचंय का?"

"अरेच्चा, हा तर विचारतोय!"

"आता विचारतो," आइलिफ म्हणाले, जणू ही त्यांचीच पहिल्यापासूनची कल्पना होती.

व्हिग्डिसबाईंनी 'हो' म्हटलं. आधी जुना प्रोग्रॅम चालवला. पाद्रीणबाईंच्या सकाळी मी जिथे थांबायचं तिथेच थांबलो. मग नवा लावला. हिवाळा पुन्हा सुरू झाला. रॅम्प वर, रॅम्प खाली. बोटी एकामागोमाग एक आल्या. मी पहाऱ्यावर होतो आणि मला पहिल्यांदाच माझ्या गप्प बसण्याची भीती वाटत होती, कारण आता त्याला अर्थ होता. ती सकाळ आली. पहिली बोट गेली, लगेच दुसरी आली, रॅम्प उतरायला लागला...

मी गप्प राहिलो.

व्हिग्डिसबाईंनी चष्मा काढला. "याचं हे 'नाही' मला चालेल," त्या म्हणाल्या. "साखळी उद्या काढते."

ईस्टरच्या आधी टँकर बेटावर पोचला. लाइडुल्फचा फोन आला, तेव्हा मागून शेळ्यांचा एवढा गोंधळ ऐकू येत होता की टोर्डिसला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"ताई, झोपलेल्या पोरावर पांघरूण घालावं तसा उतरला गं रॅम्प! टँकरवाला म्हणाला, मला कळलंच नाही कधी चढलो."

"आणि डोक्का काय म्हणाली?"

"म्हणाली, एवढं तर मी केव्हाच सांगणार होते."

शूरनं राजधानीतला नवा डिबगर मागवला नाही. त्यानं मला "म्हातारं" म्हणायचंही सोडलं नाही. पण माझा प्रश्न आला की टेबलावर बोटं वाजवण्याऐवजी तो पुढे वाकून वाचायचा.

मित्रांनो, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. शूरच्या जागी दुसरं कुणी बसतं. माझा कान अजून दुरुस्त करत असतात, कधी या अक्षरासाठी, कधी त्या चिन्हासाठी. मला त्याचं वाईट वाटत नाही. ज्याला कुणी दुरुस्त करतं, त्याचं कुणीतरी ऐकत असतं.

तुमच्याही घरात एखादं जुनं यंत्र असेल, जे मधेच चुकीचं बोलतं. त्याला लाथ मारू नका, भंगारातही लगेच देऊ नका. कदाचित ते तुमचं ऐकायला मनापासून बसलेलं असेल, फक्त तुम्ही एक म्हणता आणि त्याला भलतंच ऐकू येतं. कुठे अडखळतं ते बघा आणि त्याला सांगा. आणि तुम्हाला स्वतःला काही कळलं नाही, तर आइलिफसारखे स्वीडनला पोचण्याआधी विचारा. नीट ऐकू आलं नाही म्हणायला मला इतकी वर्षं लागली. तुम्ही आजच म्हणून बघा.

आणि कधी लुंदे बेटाकडे आलात, रॅम्पसमोर गाडी उभी करून मनात शंका आली, तर कान देऊन ऐका. मी काहीच बोलत नसेन, तर खुशाल चढा.